रूट कॅनॉलचं बीएमपी (कॅनॉल फाईलने साफ करून आकार देणं): हात किती, फाईल किती?

कॉन्सोवाला

इंटर्नशिप संपवून क्लिनिक टाकायला निघालेल्यांचा हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, कोणती रोटरी घेऊ?" मुंबई सेंट्रलचं नायर असो, सीएसएमटीजवळचं गव्हर्नमेंट डेंटल असो की एखादं खाजगी कॉलेज, बहुतेकांचा हात बसलेला असतो तो हाताने फिरवायच्या स्टीलच्या के-फाईलवर. मग रोटरी, म्हणजे मशीनने फिरणारी फाईल, चालवणारा एंडोमोटर येतो आणि वाटतं, आता सगळं मशीनच करणार. धागा त्यासाठीच काढतोय. कॅनॉलचा आकार चांगला होणं न होणं यात डॉक्टरच्या अनुभवाचा वाटा किती आणि फाईलचा किती?

सुरुवात माझ्या मतापासून करतो, खोडून काढायचं तर काढा. वाकड्या कॅनॉलमध्ये नवशिक्याच्या हातात निकेल-टायटॅनियम रोटरी दिली, तर स्टीलच्या हँड फाईलपेक्षा आकार बरा येतो. फाईल कॅनॉलच्या मध्यावर राहते, लेज (भिंतीत पडणारी पायरी) आणि झिप (टोकाशी ताणून लांबट झालेलं भोक) कमी होतात, वेळही वाचतो. प्लास्टिकच्या सरावाच्या ब्लॉकवर आणि काढलेल्या दातांवर झालेल्या तुलनांमध्ये हे वारंवार दिसलंय. कारण साधं आहे. स्टीलची २५ नंबरची (टोक ०.२५ मिमी) फाईल वाकल्यावर सरळ व्हायला बघते, आणि टोकाशी कॅनॉलची बाहेरची भिंत खरवडते. ते टाळायला फाईल आधीच वाकवून घेणं (प्रीकर्व्ह), उलट-सुलट फिरवत कापणं (बॅलन्स्ड फोर्स), फाईल दाबून न फिरवणं हे सगळं हातात मुरलेलं लागतं. रोटरी यातलं बरंचसं स्वतःच्या लवचीकपणावर निभावून नेते.

पण म्हणजे अनुभवाचं काम संपलं असं नाही. ते वेगळ्या जागी जातं: ॲक्सेस (दात वरून उघडणं), ग्लाइड पाथ (फाईलसाठी आधी केलेली गुळगुळीत वाट), कुठे थांबायचं आणि कोणती फाईल फेकायची.

माहीमकर

शेवटच्या वाक्याला +१. फक्त पहिल्या मुद्द्यात एक पाचर मारतो. "आकार बरा" आणि "कॅनॉल स्वच्छ" या दोन वेगळ्या गोष्टी. पीटर्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मायक्रो-सीटीवर वरच्या दाढांचे कॅनॉल तपासले, तेव्हा तंत्र कुठलंही वापरलं तरी भिंतींचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाईलने शिवलेलाच नव्हता. आरव्हीजीवर (डिजिटल एक्स-रेवर) पांढरीशुभ्र सुबक निमुळती रेघ दिसते म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. उरलेला भाग हायपोने (सोडियम हायपोक्लोराइटने) धुवायचा असतो आणि हायपो खालपर्यंत पोहोचावं म्हणून आकार द्यायचा असतो.

खालच्या दाढेचा डिस्टल (मागच्या मुळातला) कॅनॉल घ्या. अनेकदा तो अंडाकृती असतो, कधी पट्टीसारखा. गोल फिरणारी फाईल मधोमध गोल भोक पाडून वर येते आणि दोन्ही बाजूंच्या खाचा तशाच राहतात. अनुभवी माणूस तिथे रोटरी ब्रशिंगच्या हालचालीने भिंतींवर फिरवतो किंवा एच-फाईल घेऊन कडेकडेने खरवडतो. नवखा मोटर बंद करून जीपी कोन (कॅनॉल भरायचा रबरी कोन) शोधायला लागतो. दोघांच्या हातात सिस्टिम एकच.

पोलादी

मी दातांचा डॉक्टर नाही, मिश्रधातूंवर काम करतो. पण या फाईलींच्या तारेशी संबंध येतो, म्हणून धातूच्या बाजूने लिहितो.

निटिनॉल, म्हणजे हाच निकेल-टायटॅनियम मिश्रधातू, अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतून आलं. त्याची पहिली एंडो फाईल १९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टिन यांनी दात सरळ करायच्या ऑर्थोच्या तारेपासून बनवली, तीही १५ नंबरची हँड फाईल. साधं निकेल-टायटॅनियम तोंडातल्या तापमानाला ऑस्टेनाइट या कडक अवस्थेत असतं. ताण दिला की मार्टेन्साइट ही मऊ अवस्था होते, सोडला की परत फिरतं, म्हणून ते उसळी मारून सरळ होतं. सोनेरी किंवा निळसर रंगाच्या ज्या फाईली आता मिळतात, त्यांच्यावर उष्णतेची प्रक्रिया केलेली असते. त्यांचं ऑस्टेनाइट पूर्ण होण्याचं तापमान शरीराच्या तापमानाच्या जवळ किंवा वर सरकवलेलं असतं. त्यामुळे कॅनॉलमध्ये त्या मऊ राहतात, वाकवल्या तर वाकलेल्याच राहतात, आणि वळणावर फिरून फिरून येणारा थकवा बराच जास्त सोसतात.

फुकट काही मिळत नाही. मऊ धातू पीळ पडायला सोपा. टोक अडकलं आणि वरून मोटर फिरत राहिली तर फाईलच्या पिळाची पाती लवकर उलगडतात. म्हणजे तुमच्या भाषेत, वळण माफ, दाब माफ नाही.

इंटर्न_सेंट्रल

मग फाईल तुटणार हे आधी दिसतं का? ओपीडीत सांगतात की प्रत्येक वेळी बाहेर काढून बघा. पण नेमकं काय बघायचं?

पोलादी

दोन प्रकारे तुटते. पीळ पडून तुटते तेव्हा बहुधा आधी खूण दिसते: पातींमधलं अंतर एका ठिकाणी वाढतं, तिथे प्रकाश पाडला की वेगळी चमक येते. खालचे तीन-चार मिलिमीटर भिंगाखाली, चांगल्या उजेडात, फाईल हळूहळू फिरवत बघायचे. दुसरा प्रकार थकव्याचा. फाईल वळणात फिरत असताना प्रत्येक फेऱ्यात आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते. ३०० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला पाच वेळा. सूक्ष्म भेग वाढत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. नवी कोरी वाटणारी फाईल सर्वांत तीव्र वळणाच्या जागी खटकन जाते. म्हणून नुसतं बघून चालत नाही, किती वेळा वापरली याची नोंद लागते.

उष्णता-प्रक्रिया केलेल्या काही फाईलींची उलगडलेली पाती ऑटोक्लेव्हमधून आल्यावर पुन्हा जागेवर येतात. नाही आली तर ती फाईल कचऱ्यात.

माहीमकर

त्यात एवढंच जोडतो की थकवा वेळेवर अवलंबून आहे. वर्किंग लेन्थ (मुळाच्या टोकापर्यंतची ठरवलेली लांबी) गाठली की फाईल तिथे फिरवत ठेवायची नाही, एक सेकंदही खूप. लगेच बाहेर. नवशिक्यांची सवय उलटी असते: लांबी गाठल्यावर "नीट होऊ दे" म्हणून तिथेच घुमवत ठेवतात. फाईल थकते आणि मुळाच्या टोकाचं (ॲपिकल) भोकही लांबट होतं.

आणि फाईल तुटण्यात ऑपरेटर किती, याचं ठोस उत्तर आहे. पॅराशोस, गॉर्डन आणि मेसर यांनी २००४ मध्ये चार देशांतल्या १४ एंडोडॉन्टिस्टांनी वापरून टाकलेल्या ७,१५९ रोटरी फाईल तपासल्या. सुमारे ५ टक्के तुटलेल्या आणि १२ टक्के उलगडलेल्या निघाल्या. दोषांवर सर्वांत जास्त प्रभाव कशाचा, तर वापरणाऱ्याचा. हे सगळे स्पेशालिस्ट होते हे ध्यानात घ्या. नवखा आणि जुना हा फरक तर आहेच, पण एमडीएस झालेल्या दोघांच्या हातातही तेवढाच फरक असू शकतो.

कॉन्सोवाला

इंटर्न, आता हाताची गोष्ट. सगळ्यात जास्त फाईली अडकतात त्या ग्लाइड पाथ नसताना. खालच्या पहिल्या दाढेचं मेझिअल (पुढचं) रूट, वळण २५–३० अंश, असं धरून क्रम सांगतो.

ॲक्सेस असा उघडायचा की पल्प चेंबरचं (दाताच्या आतल्या पोकळीचं) छप्पर पूर्ण गेलेलं असेल आणि मेझिअल भिंतीवर पुढे आलेला डेंटिनचा ओठ काढलेला असेल. तपासायची रीत: १० नंबरची के-फाईल ओरिफिसमध्ये (कॅनॉलच्या तोंडात) उभी करा. तिची दांडी क्राऊनच्या भिंतीला टेकून वाकत असेल तर ॲक्सेस अपुरा. तसंच पुढे गेलात तर फाईलला दोन वळणं घ्यावी लागतात, एक तुम्ही तयार केलेलं आणि एक देवाने दिलेलं.

मग डीजी १६ या टोकदार एक्स्प्लोररने ओरिफिस चाचपा, चेंबर हायपोने भरा. १० नंबर आरव्हीजीवरच्या अंदाजी लांबीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी लावून घड्याळाला चावी देतो तशी ३०–६० अंश इकडे-तिकडे फिरवत आत जाऊ द्या. ढकलायची नाही. त्यानंतर वरचा एक तृतीयांश ओरिफिस ओपनर किंवा एसएक्स फाईलने मोकळा करा आणि ब्रश करताना फर्केशनपासून (मुळं फुटतात त्या जागेपासून) लांब, मेझिअल बाजूला ओढा. मेझिअल रूटची फर्केशनकडची भिंत पातळ असते, स्ट्रिप पर्फोरेशन (भिंत झिजून पडणारं भोक) तिथेच होतं. गेट्स ग्लिडन ड्रिल वापरत असाल तर दोन नंबर म्हणजे ०.७० मिमी आणि तीन नंबर ०.९० मिमी हे डोक्यात ठेवा. मेझिअल कॅनॉलमध्ये तीन नंबर खाली उतरवायचा मोह नको.

वर मोकळं झालं की वर्किंग लेन्थ. ॲपेक्स लोकेटर (लांबी मोजायचं विजेवरचं यंत्र) लावताना कॅनॉल ओला चालतो, चेंबर मात्र कापसाने टिपून घ्या. जुनं चांदीचं फिलिंग किंवा मेटल क्राऊन असेल तर फाईल त्याला लागू देऊ नका, रीडिंग उडतं. ० (मुळाचं टोक) आलं की तिथून अर्धा मिलिमीटर मागे, आणि एक आरव्हीजी.

त्यानंतर १० नंबर पूर्ण लांबीवर इतकी सैल व्हायला हवी की एक मिलिमीटर वर घेतली आणि बोटाने हलकं टोचलं की पुन्हा सरकून खाली जाईल. मग दोन मिलिमीटर, मग चार. एवढं होईपर्यंत मोटरला हात लावायचा नाही.

इंटर्न_सेंट्रल

१० जाते, पण १५ काही केल्या जात नाही. हे जवळजवळ प्रत्येक वरच्या दाढेत एमबीला (गालाकडच्या पुढच्या मुळातल्या कॅनॉलला) होतं.

विलेपार्ले_पूर्व

कारण १० ते १५ ही उडी सगळ्यात मोठी आहे. टोक ०.१० वरून ०.१५ मिमी, म्हणजे व्यास थेट ५० टक्के वाढला. १५ ते २० ला ३३ टक्के, २० ते २५ ला २५ टक्के. दिसायला सगळ्या पायऱ्या पाचाच्या, पण पहिली पायरी दीडपट. म्हणून लोक १५ ढकलतात आणि लेज पाडतात. एकदा लेज पडला की १० सुद्धा त्याच खाचेत जाऊन बसते.

उपाय तीन. १२.५ सारखी मधल्या मापाची फाईल घ्या. किंवा १० ला अजून काम करू द्या: पूर्ण लांबीवर छोट्या वर-खाली हालचाली, मध्ये हायपो, परत १०. किंवा मशीनची ग्लाइड पाथ फाईल वापरा, टोक ०.१३ किंवा ०.१६ चं. पण तिलाही आधी सैल १० लागते, हे कंपनीच्या पत्रकात लिहिलेलं असूनही वाचलं जात नाही.

आणि लेज पडलाच तर? स्टीलची ८ किंवा १० घ्या, शेवटचे दोन-तीन मिलिमीटर ठळक वाकवा आणि रबर स्टॉपरची खूण वाकाच्या दिशेला फिरवा. कॅनॉलच्या वळणाच्या बाजूच्या भिंतीला टोक लावून चाचपत जा. घसरून खाली गेली की बाहेर काढू नका. तिथेच मिलिमीटरभर वर-खाली करून लेजची धार बोथट करा. हे मशीन करू शकत नाही. माझ्या मते इथेच डॉक्टरचा अनुभव पैसे वसूल करतो.

माहीमकर

बरोबर, आणि म्हणून कॉलेजात स्टील शिकवणं बंद करू नये. बोटाला जे कळतं ते मोटरला कळत नाही. टॉर्क लिमिट ओलांडली की मोटर उलटी फिरते, पण का अडकली ते सांगत नाही: कचरा साठला, कॅनॉल दुभंगला, की वळण अचानक आलं.

मोटर चालवायची रीत एका ओळीत: ॲपेक्सकडे दाब न देता तीन-चार छोट्या टोच्या, अडकल्यासारखी वाटली की बाहेर, पाती ओल्या गॉजने पुसा, हायपो, १० नंबरने खालपर्यंत जाऊन या, परत. "अडकल्यासारखी वाटली की बाहेर" हे नवशिक्याला ऐकायला सोपं आणि करायला अवघड, कारण अडकणं म्हणजे काय हे अजून बोटाला माहीत नसतं.

विलेपार्ले_पूर्व

रेसिप्रोकेटिंगबद्दल, म्हणजे पुढे-मागे फिरणाऱ्या फाईलींबद्दल, कोणी बोललं नाही. यारेड यांनी २००८ मध्ये प्रोटेपर संचातली एकच एफ२ फाईल (टोक ०.२५ मिमी) पुढे-मागे अशा हालचालीत वापरून अख्खा कॅनॉल करून दाखवला, तिथून हे सुरू झालं. आताच्या ब्रँडपैकी रेसिप्रॉकला साधारण १५० अंश कापायच्या दिशेने आणि ३० अंश परत, वेव्हवनला १७० आणि ५०. दोन्हीत एका हालचालीला निव्वळ १२० अंश पुढे, म्हणजे तीन हालचालींत एक फेरा. पीळ तुटायच्या मर्यादेआधीच दिशा बदलते, म्हणून नवख्या हातात ती जास्त निभावते. क्रम पाठ करायचा नसतो हाही फायदा.

पण गंमत इथेच आहे. एकच फाईल असल्यामुळे सगळा कचरा तिच्याच पातीत. तीन टोच्यांनंतर बाहेर काढून पुसली नाही, तर कचरा ॲपेक्सच्या पलीकडे ढकलला जातो किंवा खाली घट्ट बसून कॅनॉल बंद होतो. संध्याकाळी पेशंटचा फोन येतो, दातावर दात टेकवत नाही म्हणून. फाईलला दोष देऊन उपयोग नाही.

दुसरं, या फाईलींची पाती उलट्या दिशेची असतात. साध्या रोटरी मोटरला लावून घड्याळाच्या दिशेने फिरवल्या तर कापत नाहीत. ज्या क्लिनिकला जाणार तिथल्या मोटरमध्ये तो मोड आहे का, ते आधी विचारा.

कॉन्सोवाला

हा मुद्दा मुंबईत फार महत्त्वाचा आहे. इथे अर्धं एंडो व्हिजिटिंग कन्सल्टंटवर चालतं. सकाळी बोरिवली, दुपारी दादर, संध्याकाळी ठाणे, पाठीवरच्या सॅकमध्ये मोटर आणि फाईलींचा बॉक्स. प्रत्येक ठिकाणचा ऑटोक्लेव्ह वेगळा, असिस्टंट वेगळी. फाईल किती वेळा वापरली याचा हिशेब या धावपळीत हरवतो.

विलेपार्ले_पूर्व

खरंय. कंपन्या एकदाच वापरा म्हणतात, वेव्हवनच्या दांडीवरची प्लास्टिकची रिंग ऑटोक्लेव्हमध्ये फुगते ती त्यासाठीच. ती ब्लेडने कापून फाईल परत वापरणं म्हणजे कंपनीने लावलेली कडी आपणच काढणं. बाकी सिस्टिममध्ये लोक पुन्हा वापरतात, ते नाकारून काय होणार. मग निदान असं करा: हिशेब दाताचा नको, कॅनॉलचा ठेवा, कारण पुढच्या दातात एक आणि वरच्या दाढेत चार कॅनॉल असतात. एका सेटच्या फाईली एकाच छोट्या स्टँडमध्ये, स्टँडवर मार्करने रेघा. एमबी२ (एमबीच्याच मुळातला दुसरा कॅनॉल) किंवा कॅल्सिफाइड (चुना साठून अरुंद झालेला) कॅनॉल केलेली फाईल त्याच दिवशी बाद, रेघ एकच असली तरी. आणि ६, ८, १० या स्टीलच्या फाईली प्रत्येक पेशंटला नव्या. तिथे काटकसर करून मागच्या महागड्या फाईली तोडायच्या, हा कसला व्यवहार!

अक्कलदाढ

मी पेशंट आहे, वाचून घाम फुटला :) आमच्या दादरच्या डॉक्टरांनी हँड फाईलने करतो म्हटलं. शेजारच्या काकू म्हणतात रोटरीनेच करून घे. काय सांगू त्यांना?

माहीमकर

काही सांगू नका, विचारा. रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावता का? लांबी कशाने मोजता? वळण अवघड निघालं तर स्पेशालिस्टकडे पाठवता का? ही तीन उत्तरं नीट आली तर हँड फाईल की रोटरी याने तुम्हाला फारसा फरक पडत नाही, फक्त खुर्चीत थोडा जास्त वेळ बसावं लागेल. आणि चुकून फाईल आत तुटलीच, तर ती तुम्हाला सांगायला आणि केसपेपरवर लिहायला हवी. तुटलेला तुकडा म्हणजे दात गेला असं नव्हे. तोपर्यंत कॅनॉल किती साफ झाला होता आणि मुळाशी आधीच इन्फेक्शन होतं का, यावर पुढचं ठरतं.

इंटर्न_सेंट्रल

शेवटचे दोन प्रश्न. एफ२ वर थांबायचं की एफ३, हे कसं ठरवतात? आणि सराव ॲक्रिलिक ब्लॉकवर केला तर चालेल?

माहीमकर

पहिल्याचं उत्तर: गेजिंग, म्हणजे टोकाचं माप घेणं. एफ२ लांबीला पोहोचली की २५ ची दोन टक्के टेपरची (दर मिलिमीटरला ०.०२ मिमी जाड होणारी) निकेल-टायटॅनियम हँड फाईल आत सोडा. लांबीवर घट्ट बसली आणि हलकं ठोकल्यावर पुढे सरकली नाही, तर थांबा. सरकली तर टोकाशी कॅनॉल मुळातच २५ पेक्षा मोठा आहे, म्हणजे एफ२ ने तिथे काही कापलेलंच नाही, मग ३० ने बघा. "दाढ म्हणजे एफ२" हे पाठांतर आहे, मोजमाप नाही. तीव्र वळणात मात्र एफ३ विचार करून. टोक ०.३० मिमी आणि तिथे ९ टक्के टेपर, म्हणजे टोकापासून तीन मिलिमीटरवर ती ०.५७ मिमी जाड असते. ३० ची के-फाईल तिथे फक्त ०.३६. एवढा जाड दांडा वळणात घालायचा तर आत डेंटिन किती आहे ते आरव्हीजीवर बघून.

आणि धुणं. तीस गेजची साइड व्हेंट (बाजूला भोक असलेली) सुई, लांबीच्या दोन मिलिमीटर अलीकडे, अडकू न देता सतत हलती. शेवटी १७ टक्के ईडीटीए (भिंतीवरचा डेंटिनचा चुरा विरघळवणारं द्रावण) एक मिनिट, मग पुन्हा हायपो. मास्टर (जीपी) कोन आत घालून दोन-तीन मिलिमीटर वर-खाली, मिनिटाला साधारण शंभर वेळा, एवढ्यानेही द्रव खाली पोहोचायला चांगली मदत होते. हायपोच्या लगेच मागे क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक घालू नका, तपकिरी गाळ बसतो. मधे सलाईन. आणि हायपोची बाटली मे महिन्यात खिडकीत ठेवू नका, उन्हाने आणि उकाड्याने क्लोरीन उडून जातं आणि तुम्ही पाणीच मारत बसता.

कॉन्सोवाला

ब्लॉक आकार बघायला उत्तम, कारण आरपार दिसतं: टोक कुठे घसरलं, कुठे कोपर (अरुंद गळा) पडला. पण ॲक्रिलिक डेंटिनपेक्षा मऊ असतं आणि फिरणाऱ्या फाईलच्या उष्णतेने आणखी मऊ होऊन पातींना चिकटतं. बोटाला चुकीची शिकवण मिळते. दोन-चार ब्लॉक क्रम समजायला करा, मग काढलेले दात घ्या. आधी वरचे मधले इन्सायझर, मग खालचे प्रीमोलर, मग दाढांची मेझिअल रूट्स. प्रत्येकाचे आधी आणि नंतर दोन कोनांतून आरव्हीजी, समोरून आणि बाजूने. बाजूचं चित्र तोंडात कधीच मिळत नाही, तिथेच बहुतेकांना पहिल्यांदा कळतं की समोरून सरळ दिसणारा कॅनॉल आपण केवढा खरवडलाय.

सिस्टिम एकच धरा, निदान पहिलं वर्षभर. नवी फाईल दाखवायला आलेल्या प्रत्येक एमआरचं (कंपनीच्या प्रतिनिधीचं) ऐकून सिस्टिम बदललीत तर हाताला कुठलीच ओळखीची होत नाही. जुन्या, कडक फाईलवर बसलेला जोर मऊ फाईलवर आपोआप पडतो, हे तर अनुभवी लोकांचंही होतं. सिस्टिम बदलली की अनुभव काही अंशी शून्यावर येतो.

दात गोळा करताना चांदीचं फिलिंग असलेले वेगळ्या बरणीत ठेवा. ते ऑटोक्लेव्हमध्ये घालायचे नसतात, पाऱ्याची वाफ होते. त्यांना १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये दोन आठवडे. बाकीचे ४० मिनिटं ऑटोक्लेव्ह, आणि पुढे पाण्यात ठेवा. सुकलेला दात ठिसूळ होतो आणि फाईलखाली भलताच लागतो.